ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी तास आखूया : मुंबईतल्या पीटीच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या सर्व शाळांमधले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक व शिक्षिका,
आणि ज्यांच्या सहीनं वेळापत्रक ठरतं ते मुख्याध्यापक

सप्रेम नमस्कार.

मी परळमधल्या एका अनुदानित मराठी शाळेत पीटी शिकवते. आपल्या विषयाबद्दल बोलायला लागलं की गाडी मैदानांवर जाते, रिकाम्या पदांवर जाते, पोर्शन राहिला म्हणून गणिताला दिलेल्या तासांवर जाते. ही सगळी दुखणी खरी आहेत आणि त्यासाठी भांडत राहायलाच हवं. पण आज मला आपल्या हातात येणाऱ्या तासाबद्दल बोलायचं आहे. मुलं खाली आलेली आहेत, शिट्टी आपल्या गळ्यात आहे, समोर जेवढी असेल तेवढी जागा आहे. आता पुढची पस्तीस मिनिटं काय करायचं हे सांगायला कुठलं परिपत्रक येत नाही. ते आपण ठरवतो.

आणि आपण जे ठरवतो ते बहुतेक शाळांमध्ये वर्गातल्या दहा-बारा मुलांच्या सोयीचं असतं. ही मुलं सोसायटीत खेळतात, शिवाजी पार्कला नेटला जातात, सुट्टीत शिबिरं करतात. आपण काही शिकवलं नाही तरी त्यांना खेळता येतं. उरलेली पस्तीस-चाळीस मुलं रांगेत उभी असतात किंवा कठड्यावर बसून टाळ्या वाजवतात. माझी विनंती एवढीच आहे, की टाचण, म्हणजे तासाची आखणी, काढताना डोळ्यांसमोर ज्याला जमत नाही ते मूल ठेवा. हे एकदा केलं की खेळ, साहित्य, टीम पाडण्याची रीत, शिक्षा, श्रेणी, सगळ्याचाच नव्यानं विचार करावा लागतो. कसा, ते सांगते.

आधी एक हिशेब मांडू. पन्नास मुलांचा वर्ग आहे. चौथ्या मजल्यावरून रांगेनं उतरणं, हजेरी, बूट न आणलेल्यांची विचारपूस यात दहा मिनिटं सहज जातात. राहिली पंचवीस. आता चेंडू एक, रांग एक, आणि प्रत्येकानं ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, खुणेपर्यंत जाऊन परत यायचं. एकेकाला वीस सेकंद धरा. पन्नास जणांची एक फेरी व्हायला हजार सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटं. एका तासात एका मुलाच्या वाट्याला एक फेरी येते, पुढे उभा असेल तर दुसरी. आठवड्याला दोन तास धरले तरी चेंडू हातात राहण्याचा वेळ दीड मिनिटसुद्धा भरत नाही. दीड मिनिटात कुणाला काय येणार आहे? आणि उरलेला वेळ रांगेत उभं राहिलेलं मूल दुसरं काय करणार? ते पुढच्याला ढकलतं, मग आपण ओरडतो, मग सगळ्यांना खाली बसवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. याच संघटनेनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०१६ सालची स्थिती दिली आहे : जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हालचाल करत नव्हती, मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं. आपल्या दोन तासांनी ही तूट भरणार नाही हे मलाही कळतं. पण दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कितीतरी मुलांना हात-पाय मोकळे करायला आठवड्यात हेच दोन तास मिळतात. ते रांगेत घालवायला आपल्याला परवानगी नाही, असं मी मानते.

रांग मोडायची तर साहित्य लागतं. पन्नास चेंडू कुठली शाळा देणार, हा प्रश्न येतोच. जुना मोजा घ्या, आत चिंध्या ठासून भरा, तोंडाशी घट्ट गाठ मारून वरून दोऱ्यानं शिवा. चिंध्या शिंप्याकडे मागितल्या तर मिळतात आणि मोजे मुलंच घरून आणतात. हा चेंडू उसळत नाही, म्हणून गटारात जात नाही. काच फुटत नाही, लागला तरी दुखत नाही, त्यामुळे चेंडूला घाबरणारी मुलं पहिल्यांदा हात पुढे करतात. दोघांत एक चेंडू दिला की पन्नासच्या पन्नास मुलं एकाच वेळी कामाला लागतात. वीस सेकंदांचा सराव वीस मिनिटांचा होतो.

आता फेकण्याचंच घ्या. 'मुलींना फेकता येत नाही' हे वाक्य मी आपल्या किती सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. एकदा त्या मुलीच्या पायांकडे बघा. उजव्या हातात चेंडू आणि पुढे पाऊलही उजवंच. छाती सरळ भिंतीकडे, कोपर बरगडीला चिकटलेलं, जोर सगळा मनगटात. चेंडू दोन पावलांवर पडणारच. कुठल्याही मुलाला असं उभं केलं तर त्याचाही तिथेच पडेल. कारण शरीर वळायला जागाच नाही. मी जमिनीवर खडूनं दोन पावलं काढते, मागचं आडवं आणि पुढचं भिंतीकडे तोंड केलेलं. आधी भिंतीकडे डावा खांदा करून उभं राहायचं. मग डावं पाऊल पुढच्या खुणेवर टाकायचं, कोपर खांद्याइतकं वर न्यायचं, आणि फेकल्यावर हात दुसऱ्या बाजूच्या मांडीपर्यंत जाऊ द्यायचा. डावखुऱ्यांना उलट. खूण चार शब्दांची : आडवं, पाऊल, कोपर, फेक. भिंतीवर खडूचं वर्तुळ असतं. ज्या दिवशी चेंडू पहिल्यांदा त्या वर्तुळात धपकन बसतो, त्या दिवशी ती मुलगी तास संपल्यावरही भिंतीसमोरून हलत नाही. तिच्या दंडात कालपेक्षा जास्त जोर आलेला नसतो. तिच्या भावाला गल्लीत चौथ्या वर्षापासून जो सराव मिळाला तो तिला कुणी दिला नव्हता, आणि आपणही तिला थ्रोबॉलच्या कोपऱ्यात पाठवून मोकळे होत होतो.

हे सगळ्यांना एकटीनं बघणं शक्य नाही, म्हणून जोडीतलं दुसरं मूल बघतं. फेकणारा फेकतो, दुसरा फक्त पाय आणि कोपर बघून सांगतो. मी बघणाऱ्याशीच बोलते : "त्याचं पाऊल कुठलं पुढे होतं रे?" फेकणाऱ्याला मी थेट दुरुस्त करत नाही, नाहीतर बघणाऱ्याचं काम संपतं. ही पद्धत माझी नाही. इस्रायलमध्ये वाढलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मस्का मॉस्टन यांनी १९६६ पासून शिकवण्याच्या शैलींचा जो पट मांडला, त्यातली ती एक आहे. हात प्लास्टरमध्ये असलेला, ताप येऊन गेलेला, पोटात दुखणारी, या सगळ्यांना या रचनेत जागा मिळते. 'जा, बाकावर बस' म्हणायची वेळ येत नाही.

मॉस्टन यांचंच दोरीचं उदाहरण आपल्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे, आणि ते करायला एक दोरी पुरते. उंच उडी आपण कशी घेतो? दोरी सरळ बांधतो, प्रत्येक फेरीला वर करतो, जो अडकला तो बाहेर. शेवटी एक मुलगा उरतो. ज्याला आधीच उडी येत होती त्याच्या सर्वांत जास्त उड्या झाल्या, आणि ज्याला सरावाची गरज होती तो एका उडीनंतर भिंतीला टेकून बसला. गणिताच्या तासाला पहिलंच उदाहरण चुकलं म्हणून कुणी मुलाला वही मिटून बसायला सांगत नाही. आता तीच दोरी तिरकी करा. एक टोक खिडकीच्या ग्रिलला कमरेएवढ्या उंचीवर बांधा, दुसरं जमिनीवर विटेखाली दाबा. खाली खडूनं एक ते सहा आकडे टाका आणि सांगा, कुठूनही उडी मारा, हवी तेवढी मारा.

आमच्याकडे सहावीत एक अंगानं जाड मुलगा होता. उंच उडी म्हटलं की त्याच्या बुटाची नाडी सुटलेली असायची. तिरक्या दोरीच्या दिवशी तो आधी लांबून बघत राहिला. मग एक नंबरवरून, जिथे दोरी घोट्याइतकीच होती तिथून, पाय उचलून पलीकडे गेला. कुणी हसलं नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या आकड्यात गुंतला होता. मग दोन नंबर, मग पुन्हा दोन. तिथे पाय अडकला तर मागे येऊन पुन्हा. तास संपेपर्यंत तो तीनवर पोचला होता आणि माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं, नजर सगळी दोरीवर. उड्या किती झाल्या असतील मला माहीत नाही, पण घामानं सदरा पाठीला चिकटला होता. बाद होण्याची भीती गेली की मुलं स्वतःहून अवघड बाजूला सरकतात, हे मी इतक्या वर्गांत पाहिलं आहे की मला त्याबद्दल आता शंका उरलेली नाही.

बाद करण्याची सवय आपल्या खेळांमधून काढून टाकायला हवी. डॉजबॉलमध्ये पहिला बाद कोण होतो? ज्याला चुकवता येत नाही तो. त्याला समोरच्या टीमच्या मागे उभं करून तिथून फेकू द्या, कुणाला टिपलं की आत येऊ द्या. आपल्या गल्लीतल्या खेळांनी ही सोय केव्हाच केलेली आहे. विषामृतात विष मिळालेला जागेवर उभा राहतो आणि भिडूनं अमृत दिलं की पुन्हा पळतो. सगळ्यांत लहान भावंड लिंबूटिंबू म्हणून का होईना, पण खेळात असतं. चाळीतल्या पोरांना जे सुचलं ते बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, घेतलेल्या आपल्याला सुचायला काहीच हरकत नाही.

खो-खोचंही तेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. मुलांना खेळायचं आहे. पण पूर्ण मैदानावर एका वेळी आठ बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे, म्हणजे बारा. पन्नासातले अडतीस बाहेर. त्याऐवजी खडूनं छोटे सहा पट्टे आखा, प्रत्येकात पाच-सहा बसलेले, एक पाठलागावर, दोघे पळणारे, खांब नाहीत. नियम थोडे वाकतात, पण सगळ्यांना खो मिळतो.

आणि कृपा करून दोन कॅप्टन उभे करून टीम पाडायला लावू नका. शेवटी उरलेल्या मुलाला 'जा, तू घे याला' हे पन्नास जणांसमोर ऐकावं लागतं, दर आठवड्याला, वर्षानुवर्षं. हजेरीपटातले सम-विषम क्रमांक घ्या, जन्ममहिने घ्या, काहीही घ्या.

आता खेळ शिकवण्याकडे येते. आपण बहुतेक जण आधी कौशल्यं सुटी सुटी घेतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत मॅच सोडतो. मॅच सुरू झाली की शिकवलेलं सगळं हवेत, सगळी मुलं चेंडूमागे झुंडीनं. इंग्लंडमधल्या लाफबरो विद्यापीठातले डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांना हेच दिसलं होतं. सुट्या सरावात चांगली दिसणारी मुलं खेळात कधी काय करायचं ते ठरवू शकत नव्हती. १९८२ मध्ये त्यांनी क्रम उलटा करून मांडला : आधी सोपा केलेला खेळ, त्यातून मुलाला पडलेला प्रश्न, आणि मग त्या प्रश्नासाठी लागणारं कौशल्य.

आपल्या कबड्डीला हे फार छान लागू पडतं. सिमेंटच्या चौकात पकडी घेता येत नाहीत म्हणून अनेक शाळांनी कबड्डी बंदच केली आहे. पकड काढा, चढाई ठेवा. चढाई करणाऱ्याच्या कमरेला मागे रुमाल खोचा, तो ओढला की पकड झाली असं धरा. समोर फक्त तिघे. दोन-चार चढाया झाल्या की थांबवून विचारा : तो आत आला तेव्हा कोपऱ्यातली कुठे बघत होती? तो निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावी लागते ती रेषा, ओलांडेपर्यंत तुम्ही तिघी पुढे आलात तर काय होतं, आणि वाट बघितलीत तर? दम कुठे संपतोय त्याचा? मुलांची उत्तरं ऐका. एकदा एका अगदी अबोल मुलीनं सांगितलं होतं, "मॅडम, तो परत वळताना खांदा आधी फिरवतो, तेव्हा धरायचं." ती मुलगी पळण्यात शेवटची असते. पण तिनं जे टिपलं ते वर्गातल्या सगळ्यात चपळ मुलाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या चढाईला तिनंच रुमाल ओढला. सरळ 'धाव, पकड, धाव' करून घेतलं असतं तर तिच्यातला हा गुण कुणालाच कळला नसता, तिला स्वतःलाही नाही.

म्हणजे आज्ञा देऊन शिकवायचंच नाही असं नाही. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाला हात कुठे आणि पाय कुठे हे ठणकावूनच सांगावं लागतं. गोळाफेकीत माझ्या शिट्टीशिवाय कुणी गोळा आणायला पुढे जाणार नाही, यावर चर्चा होत नाही. संचलन, लेझीम, सूर्यनमस्कार यांना ठेका आणि आज्ञा लागतेच. खुद्द मॉस्टन यांनीही कुठली शैली श्रेष्ठ असं म्हटलेलं नाही, कामाप्रमाणे शैली बदलायची एवढंच त्यांचं म्हणणं. आपली अडचण ही आहे की आपल्याकडे बारा महिने एकच शैली चालते.

शिक्षेबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. गृहपाठ केला नाही, ग्राउंडला दोन राउंड. बोललास, दहा उठाबशा. उशीर झाला, अंगठे धर. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि हे प्रकार त्यातच येतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी बघा : वर्षभर ज्या मुलाला धावणं फक्त शिक्षा म्हणून भेटलं, तो मोठेपणी सकाळी उठून धावायला कशाला जाईल? जी गोष्ट आवडावी म्हणून आपण पगार घेतो तिचीच शिक्षा करून ठेवायची, हे आपल्याच विषयाच्या मुळावर येणारं आहे. इतर विषयांचे शिक्षक मूल आपल्याकडे 'जरा पळवा याला' म्हणून पाठवतात, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा. मी म्हणते. सुरुवातीला राग येतो त्यांना, मग सवय होते.

वजनाचंही असंच. खेलो इंडियाच्या तंदुरुस्ती चाचण्यांमध्ये चौथीपासून पुढे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन), ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, कर्ल-अप, पुश-अप असं सगळं असतं. चाचण्या चांगल्या आहेत, मूल कुठून कुठे आलं ते कळतं. पण काटा मांडून एक जण आकडा ओरडतो आणि दुसरा वहीत लिहितो, आणि मागे रांगेत सगळा वर्ग उभा, हे दृश्य अनेक शाळांत आहे. त्या एका आकड्यावरून आठवीतल्या मुलीला वर्षभर नाव पडतं. काटा वर्गखोलीत न्या, एकेकाला आत बोलवा, आकडा स्वतः लिहा. ६०० मीटरला सगळे एकदम सोडून शेवटच्याला टाळ्या वाजवत आणू नका, त्या टाळ्या त्याला कशा लागतात ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. दोन-तीन तुकड्या वेगवेगळ्या जागांवरून सोडल्या की शेवटचा कोण हे कुणालाच कळत नाही. आणि वर्षाअखेरीस सरसकट अ श्रेणी देण्यापेक्षा जून ते एप्रिल त्या मुलाचं त्याच्या स्वतःच्या तुलनेत काय झालं, हे दोन ओळींत लिहिलं तर पालक ते वाचतात.

सातवी-आठवीनंतर मुली तासातून हळूहळू नाहीशा होतात. शाळेत पीटीला फक्त सर असले की मुलगी पाळीचं कारण सांगतच नाही, नुसती वर्गात राहते. आमच्याकडे असं ठरलं आहे की त्या दिवशी कुणीही कारण न देता जोडीतली बघणारी व्हायचं किंवा वेळ नोंदवायची. विचारणा नाही. यामुळे मुली तासाला खाली येतात, आणि खाली आल्या की बहुतेक जणी पाच-दहा मिनिटांत खेळायलाच लागतात. आणि मोठं ग्राउंड मुलांना क्रिकेटला, बाजूचा पट्टा मुलींना, ही वाटणी कुठल्या नियमात आहे? आळीपाळीनं द्या.

अपंगत्व असलेल्या मुलांना आपण स्कोअर लिहायला बसवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १६ सांगतं की त्यांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीनं मिळाली पाहिजे. मोज्याच्या चेंडूत दोन घुंगरू शिवले की कमी दिसणारं मूल आवाजावर झेल घेतं. तिरक्या दोरीला पायाला कॅलिपरचा आधार लावलेल्या मुलासाठीही एक नंबर असतो.

जागेबद्दल थोडंच लिहिते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चौक ओला असतो, ऑक्टोबरात दुपारच्या सत्राला सिमेंट भाजतं. पावसाळ्यात लांब व्हरांडा म्हणजे लंगडी, तोल सांभाळणं, आणि भिंतीवरच्या वर्तुळात मोज्याचे चेंडू. खालच्या मजल्यावर आवाज जात नाही. ऑक्टोबरात दुपारच्या वर्गांचा पीटीचा तास शेवटचा लावून घ्या आणि पाणी प्यायला मध्येच सोडा.

स्पर्धांमध्ये शाळेचा संघ असावा, जिंकावा. मीही मुलींचा संघ घेऊन जाते, दहावीच्या मुलींना खेळाच्या सवलतीच्या गुणांचा उपयोग होतो. पण संघाचा सराव शाळेआधी किंवा शाळेनंतर, वर्गाच्या तासात नको. या शहराला फेब्रुवारी १९८८ मधली आझाद मैदानावरची ६६४ धावांची भागीदारी अजून आठवते. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी खेळत होते आणि पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून होता. त्याच्यात गुण होते, त्याला पुढे रणजी मिळाली, आणि २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकलेल्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक म्हणून आपण त्याला पाहिलं. आपल्या पीटीच्या तासाला बसून राहणाऱ्या मुलांची बॅटिंग मात्र पुढच्या आठवड्यातही येत नाही आणि त्यापुढच्याही नाही.

मुख्याध्यापकांनो, तुमच्याकडे माझं मागणं थोडं आहे. आठवड्याचे दोन तास लागोपाठ लावा. वर-खाली करण्यातली दहा मिनिटं एकदाच जातात, दोनदा पंचवीस मिनिटांऐवजी सलग साठ मिनिटं मिळतात. स्नेहसंमेलनाच्या लेझीमसाठी निवडक चाळीस मुलांना महिनाभर घेऊन बाकीच्यांचा तास बुडवू नका. लेझीम मला प्राणप्रिय आहे, म्हणूनच ती सगळ्यांनी शिकावी असं वाटतं. आणि साहित्याचे पैसे येतील तेव्हा एक महागडा क्रिकेट किट घेण्याआधी वर्गाला पुरतील इतके साधे चेंडू, पन्नास रिंग, आणि दोऱ्या घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं अभ्यास आणि अभ्यासेतर अशी भिंत ठेवायची नाही म्हटलेलं आहे. वेळापत्रकात ते दिसू द्या.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, पुढच्या आठवड्यात एक करा. हजेरीपटातला कुठलाही एक क्रमांक निवडा, तासभर फक्त त्या मुलावर लक्ष ठेवा, आणि चेंडूला त्याचा हात किती वेळा लागला ते लिहा. मग दुसरा क्रमांक. आंतरशालेय स्पर्धांच्या नियोजनासाठी आपली दरवर्षी बैठक होतेच. तारखा, वयोगट आणि प्रवेश अर्ज झाले की त्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवूया. आपापले आकडे आणा. मी दोरी, खडू आणि मोज्याचे चेंडू घेऊन येते, तिथल्याच चौकात करून बघता येईल.

आपली,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका
परळ, मुंबई